एकशेदहाची लय

गुरुवारी संध्याकाळी चॅपलमागची खोली
मीच उघडून देते. हीटरला आधी लाथ, मग बटण.
हेलेद येते बाहुल्यांची पिशवी खांद्यावर टाकून:
सहा तान्ही बाळं, सगळ्यांची तोंडं उघडी,
रडणं मात्र एकाचंही नाही.
बाहेर स्लेटच्या ढिगांवर पाऊस. आमच्याकडे त्याची बातमी होत नाही.

मुलांच्या वॉर्डातली नर्स ती. पायांत अजून वॉर्डातलेच बूट.
आईबाप अर्धगोलात, परक्याच्या लग्नात
चुकून शिरल्यासारखे.
गेथिन मेंढ्यांवाला, मांडीवर टोपी.
मारेद बस चालवते, जुळ्यांची आई, उभ्याउभ्या पेंगते.
पोलंडचे ल्युडोमिर आजोबा, नातीसाठी आलेले,
प्रत्येक शब्द वहीत आपल्या अक्षरांत उतरवणारे.

"घास अडकलाय आणि पोर जोरात खोकतंय? खोकू द्या.
खोकला आहे तोवर वाट आहे.
आवाज बंद झाला की तुमची पाळी."
बाहुली हातावर पालथी, डोकं खाली,
खांद्यांच्या मधोमध पाच दणके.
"थोपटू नका, गेथिन. झोपवत नाही आहोत."

मग द्राक्षं. उभी चिरायची, आडवी नाही.
कोणीतरी हसलं.
हेलेदने सुरी हळूच खाली ठेवली,
खिडकीकडे पाहिलं,
आणि म्हणाली, "पुढे."

भाजलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी. लोणी नाही, टूथपेस्ट नाही.
"वीस मिनिटं?" मारेद जागी झाली,
"सलग वीस मिनिटं मी शेवटची कधी उभी होते एका जागी?"

ऑर्गनवरचा माझा मेट्रोनोम तिने मागून घेतला होता,
लाकडी, आईच्या वेळचा. काटा एकशेदहावर.
टक टक टक टक.
"या लयीत. छातीच्या एक तृतीयांश खोल. तीस वेळा."

गेथिनचे हात फाटकाच्या खांबाएवढे.
या हातांनी मध्यरात्री त्याने कोकरं ओढून काढलीत,
नाकपुडीत गवताची काडी घालून शिंकवलीत.
आता दोन अंगठे रबरावर टेकले
आणि तिथेच थिजले.
"फासळी मोडली तर?"
"मोडलेली फासळी जुळते," हेलेद म्हणाली.
वाक्याचा उरलेला अर्धा भाग तिने
खोलीत कोणालाच दिला नाही.
टक टक टक टक.
त्याने दाबलं.

एक बाहुली उरली होती. हेलेदने मला हाक मारली.
म्हटलं, माझ्या घरी कोणी नाही.
"दुकानात, बसमध्ये, जत्रेत असतातच की.
त्यांना काय ठाऊक कोण कोणाचं?"
गुडघे कुरकुरले, तरी बसले.
तोंड आणि नाक दोन्ही माझ्या ओठांत,
स्पिरिटचा वास, रबराची चव.
पाच श्वास आधी. गालांत मावेल इतकीच हवा.
छाती उचलली गेली, बोटभर,
आणि बसली.
जीवात जीव आला, असं मी आजवर
हरवलेली किल्ली सापडल्यावरही म्हणत आले.
किती उधळेपणाने वापरतो आपण शब्द.

ती गेली. खुर्च्या रचल्या, दिवा मालवला,
मेट्रोनोम जागेवर ठेवला. काटा मागे घ्यायचं राहून गेलं.

रविवारी पहिलंच स्तोत्र मी त्या लयीत वाजवलं.
दुसऱ्या कडव्याला म्हाताऱ्यांना धाप लागली,
पाद्रीसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
समोरच्या आरशात मला मागचा बाक दिसतो:
गेथिन, कुशीत झोपलेलं पोर,
त्याचे ओठ हलत होते, पण शब्दांवर नाही.
अठ्ठावीस.
एकोणतीस.
तीस.

मी पट्ट्यांवरून हात उचलले.
सगळं चॅपल थांबलं,
दोन श्वासांपुरतं.